सतरा किलो दोनशे: सार्वजनिक प्रश्नावर आपला अनुभव लिहायचा कसा

"आपल्या रेशन दुकानात सगळे चोर बसलेत. गरिबांच्या तोंडचा घास काढतात. सरकार झोपलंय का?"

गावाच्या किंवा वॉर्डाच्या ग्रुपवर असा मजकूर पडला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पाच-दहा अंगठे येतात, दोन-तीन जोडलेले हात येतात. मग कुणीतरी विचारतं, "तुमच्या पक्षाच्या काळात काय वेगळं होतं?" धान्य राहतं बाजूला आणि पक्षांचं भांडण जुंपतं. दुकानदाराचा भाचा ग्रुपमध्ये असतोच. तो म्हणतो, "पुरावा द्या." लिहिणारा गप्प. रात्री फुलांचं 'शुभ रात्री' येतं आणि विषय मिटतो. लिहिणाऱ्याला धान्य खरोखरच कमी मिळालेलं असतं, ही यातली वाईट गोष्ट.

हाच अनुभव असा लिहिता येतो (मजकूर नमुन्यादाखल):

"५ तारखेला सकाळी ११च्या सुमारास गावातल्या रेशन दुकानातून धान्य आणलं. आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, कार्डावर नावं चार, म्हणजे महिन्याला २० किलो. ई-पॉस मशीनच्या पावतीवरही २० किलोच छापलंय. समोरच्या किराणा दुकानात लगेच वजन केलं, ते पिशव्यांसकट १७ किलो २०० ग्रॅम भरलं. दुकानदारांना विचारलं. ते म्हणाले, पोती वरूनच कमी भरून येतात, मी कुठून आणू? पावतीचा फोटो खाली दिलाय, कार्ड नंबर झाकलाय. या महिन्यात आणखी कुणी वजन करून पाहिलंय का? माझं मत असं, की पोती कमी येत असतील तर दुकानदारांनी ते गोदामातच लिहून घ्यावं. तूट कार्डधारकांच्या माथी मारणं बरोबर नाही."

वाचायला अर्धं मिनिट लागतं. यात 'चोर' हा शब्द कुठेच नाही, तरी दुकानदाराला आणि पुरवठा शाखेला उत्तर द्यावंच लागेल, कारण आता प्रश्न वजनाचा झालाय.

या मजकुरातली एकेक गोष्ट कशासाठी आहे ते बघा. कार्डाचा प्रकार आणि नावांची संख्या दिली नाही तर २० किलो आले कुठून हे वाचणाऱ्याला कळत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मिळतं आणि अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असली तरी कुटुंबामागे ३५ किलो. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत आहे. ग्रुपवरच्या निम्म्या वादांचं मूळ इथेच असतं. शेजारच्या अंत्योदयवाल्याला ३५ किलो मिळालं आणि आपल्याला १५, म्हणून आपलं लुटलं असं नाही. तीन नावांच्या प्राधान्य कार्डाचं १५च होतं. लिहिण्याआधी हा गुणाकार करून बघा.

वजन दुकानासमोरच आणि लगेच केलं, तेही महत्त्वाचं. घरी नेऊन संध्याकाळी मोजलं तर पहिला प्रश्न येतो: मधे काढलं नाही कशावरून? आणि 'पिशव्यांसकट' हा शब्द मुद्दाम आहे. पिशव्यांचं वजन आपण दुकानदाराच्या बाजूने धरलं, तरी पावणेतीन किलोंवर तूट उरलीच. जो फरक मोजण्यात येऊ शकतो तो समोरच्याच्या पारड्यात टाकून लिहावं. मग वाद घालायला जागा उरत नाही. पावती मिळत नसेल तर ती मागा. तरीही नाही दिली, तर 'मागितली, दिली नाही' हेच वाक्य तारखेसह लिहा. 'मेरा राशन' ॲपवर आपल्या कार्डावर किती धान्याची उचल दाखवलीय तेही बघता येतं.

शेवटची गोष्ट, दुकानदाराचं म्हणणं. ते मजकुरात यायलाच हवं, त्याच्या शब्दांत, पटलं नाही तरी. ते गाळलंत तर भाचा तेच सांगायला येईल आणि तुम्ही लपवलंत असं दिसेल.

पाहिलं, सांगितलं, म्हणे

मराठीत यासाठी एक फार कामाचा शब्द आहे, 'म्हणे'. "पाइपलाइनचं टेंडर भाच्याला दिलं म्हणे." आपण पाहिलेलं नाही, कानावर आलंय, हे त्या दोन अक्षरांत आलं. बोलताना आपण तो अचूक वापरतो आणि लिहिताना गाळतो, कारण त्याने वाक्य लेचंपेचं वाटतं. तिथेच घात होतो.

पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याला विचारा: हे मी पाहिलं, मला कुणी सांगितलं, की नुसतं ऐकलं? पाहिलेलं सरळ लिहा: "टँकर दुपारी २ला आला, आमच्या गल्लीत सात मिनिटं थांबला." सांगितलेलं असेल तर सांगणाऱ्याचं पद द्या: "वॉर्ड ऑफिसमधल्या कनिष्ठ अभियंत्यांनी सांगितलं, की पंप जळालाय." तिसऱ्या प्रकारचं, नुसतं ऐकलेलं, शक्यतो लिहूच नका. लिहायचंच असेल तर प्रश्न करून: "पंप जळालाय असं ऐकतो. कुणाला नक्की माहीत आहे का?" मात्र आरोपावर प्रश्नचिन्ह लावल्याने त्याचा प्रश्न होत नाही. "अमक्याने पैसे खाल्ले का?" हा आरोपच आहे, आणि कोर्टही तो तसाच वाचू शकतं.

सरकारी मराठीतली 'सांगण्यात आले', 'कळविण्यात येते' ही क्रियापदं अनुभव लिहिताना दारातच ठेवा. "आम्हाला परत पाठवण्यात आले." कुणी पाठवलं? खिडकी क्रमांक २वरच्या कारकुनाने, शिपायाने, की दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने? ज्याने पाठवलं त्याचं पद लिहिलं की तक्रार कुणाकडे करायची ते आपोआप ठरतं.

'काल', 'आज सकाळी', 'आपल्या इथे' हे शब्दही लिहिताना टाळा. मजकूर पुढे ढकलला जातो आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या ग्रुपवर 'काल आपल्या इथे' म्हणून वाचला जातो. पुलावरून पाणी गेल्याच्या अशा शिळ्या खबरा दर पावसाळ्यात फिरतात. तारीख, वेळ, गाव, तालुका, जिल्हा लिहा. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही. इंदापूर म्हटल्यावर पुणेकराला एक आठवतं आणि माणगावकराला दुसरं.

'नेहमी', 'कधीच', 'सगळे', 'एकही' या चार शब्दांच्या जागी आकडा बसतो का ते बघा. "पाणी कधीच वेळेवर येत नाही" याला "परवा आलं होतं की" एवढं उत्तर पुरतं. "१ ते १० तारखेत सहा दिवस पाणी ठरल्या वेळेपेक्षा तासाहून जास्त उशिरा आलं" याला उत्तर द्यायचं तर पाणी सोडणाऱ्याला त्याची वही उघडावी लागते. त्यासाठी आपलीही वही हवी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोज वेळ टिपली तरी चालते. दहा दिवस झाले की त्या पानाचा फोटो काढा.

रस्ता कुणाचा?

खड्ड्यांवर महाराष्ट्रात जेवढं लिहिलं जातं तेवढं क्रिकेटवरही लिहिलं जात नसेल, आणि त्यातलं बरंचसं चुकीच्या दारात जाऊन पडतं. नगरसेवकाला शिव्या घालाव्यात आणि रस्ता निघावा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. मग नगरसेवक सुटतो, वर लिहिणारा अडाणी ठरतो.

शहराबाहेर असाल तर मैलाचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. राष्ट्रीय महामार्ग आहे एवढं कळूनही पुरत नाही. मुंबई–गोवा महामार्ग सगळा एकच, क्रमांक ६६, पण रुंदीकरणात पनवेल ते इंदापूर (हे रायगडातलं) हा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता आणि तिथून पुढे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. कोलाडच्या खड्ड्याबद्दल एकाला आणि चिपळूणच्या खड्ड्याबद्दल दुसऱ्याला विचारायचं असतं. मुंबईत पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग आधी एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) होते, आता महापालिकेकडे आहेत. जुन्या माहितीवर लिहिलेला मजकूर इथेही फसतो.

विजेचं तसंच. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण, आणि बाकी जवळजवळ सगळ्या राज्यात महावितरण. बिलाच्या माथ्यावर नाव असतं, तेवढं वाचून मग लिहावं.

रेशनसाठी तालुक्याच्या गावी तहसील कार्यालयातली पुरवठा शाखा, पुणे-नागपूरसारख्या शहरांत अन्नधान्य वितरण अधिकारी, आणि मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालय. कुणाचं काम आहे ते खरंच ठरवता येत नसेल, तर "हा रस्ता नेमका कुणाकडे आहे?" एवढंच ग्रुपवर विचारा. निवृत्त ओव्हरसियर प्रत्येक गावात एक तरी असतोच, आणि त्याला असा प्रश्न कुणी विचारला की तो खुलतो.

आपण कोण, हेही सांगायला हवं. त्या रस्त्याने रोज जाता, की सुट्टीत एकदा गेलात? ठेकेदाराशी नातं आहे? पक्षाचं पद आहे? तसं असेल तर पहिल्याच ओळीत लिहा. नंतर दुसऱ्याने उकरून काढलं तर तुमचा खरा मुद्दाही बुडतो. सिंगापूरहून किंवा न्यू जर्सीहून पुण्याच्या कोंडीवर लिहायला हरकत काहीच नाही, फक्त "मी २०१५पासून तिथे राहत नाही, दिवाळीत आलो तेव्हा पाहिलं" एवढं त्यात असावं.

फोटो आणि कागद

खड्ड्याचा फोटो काढताना दोन काढा. एक जवळून, खड्ड्यात काहीतरी मापाचं ठेवून. पाण्याची लिटरची बाटली उत्तम, तिची उंची सगळ्यांच्या अंदाजात असते. दुसरा लांबून, दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर येईल असा. नुसत्या जवळच्या फोटोला "हा आपल्या गावातला नाहीच" म्हणता येतं.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो आकसतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची छुपी नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती राहते. तक्रारीसाठी ही नोंद चांगली. पण फोटो घरात बसून काढलेला असेल, उदाहरणार्थ बिलाचा, तर त्याच नोंदीतून तुमचं घर नकाशावर सापडू शकतं. म्हणून ग्रुपवर साधा फोटो पाठवा आणि मूळ फाइल स्वतःजवळ सांभाळा. मूळ फाइलवर काहीही खरडू नका, खरडायची ती प्रतीवर.

झाकण्याचं काम बहुतेकांचं चुकतं. फोनमधल्या हायलायटरने किंवा अर्धपारदर्शक काळ्या पेनाने नंबरावर दोन-चार रेघा मारल्या की झाकल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात कुणीही तो फोटो घेऊन उजेड वाढवला की आकडे वर येतात. भरीव चौकोन टाका. नाहीतर सगळ्यात साधं म्हणजे कागदावरच चिठ्ठी ठेवून फोटो काढा. काय झाकायचं? रेशन पावतीवर कार्ड क्रमांक आणि नाव, वीज बिलावर ग्राहक क्रमांक आणि पत्ता, पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर व्यवहार क्रमांक आणि खात्याचे आकडे, आधारवर तर सगळंच. आधार ग्रुपवर टाकायचं कारणच नाही. आणि क्यूआर कोड. आकडे झाकून कोड उघडा ठेवलेले फोटो रोज दिसतात, आणि त्या कोडमध्ये बरीचशी तीच माहिती असू शकते.

उलट, काही गोष्टी झाकायच्या नसतात: तारीख, कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक, रक्कम. घाबरून सगळ्यावर काळं फासलं तर कागदाला किंमत उरत नाही.

दवाखान्याचा अनुभव असेल तर केसपेपरवरचा आजार हा रुग्णाचा आहे. आईच्या केसपेपरचा फोटोसुद्धा आईला विचारूनच टाकावा. शाळेबद्दल लिहिताना मुलांचे चेहरे, वर्ग-तुकडी, बसचा नंबर यातलं काही नको. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे. नाव न लिहिता गाव, वय आणि वडिलांचा धंदा लिहिला तरी ओळख पटतेच. 'न्याय मिळालाच पाहिजे' म्हणून फिरवलेल्या पोस्टमध्येही लोक हे करतात.

कायदा कुठे अडवतो, कुठे नाही

दोन टोकाच्या समजुती आढळतात: सरकारविरुद्ध लिहिलं की आत टाकतात, आणि लोकशाही आहे, काहीही लिहिता येतं. दोन्ही सोडून द्या.

नोव्हेंबर २०१२मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं. पुढे श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. ग्रुपवर कुणी आजही "६६-अ लावीन" अशी धमकी देत असेल, तर हे साल त्याला सांगा.

कोल्हापूरचं प्रकरणही जवळचं आहे. ३७० कलम हटवल्याच्या दिवसाला एका प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसमध्ये काळा दिवस म्हटलं, म्हणून तेढ पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला होता. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं त्या निकालात स्पष्ट आहे. पण तिथपर्यंत पोचायला किती तारखा आणि किती पैसे लागतात याचाही विचार लिहिणाऱ्याने करावा. निकाल आपल्या बाजूने आहे आणि त्रास होणारच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. त्याचे अपवाद वाचण्यासारखे आहेत. खरी आणि सार्वजनिक हिताची गोष्ट लिहिली तर बदनामी होत नाही. यातलं 'आणि' विसरू नका. फौजदारी बदनामीत नुसतं खरं असून भागत नाही. सरकारी नोकराच्या कामाबद्दल, किंवा सार्वजनिक प्रश्नात कुणी कसा वागला याबद्दल, सद्हेतूने दिलेलं मतही अपवादात येतं. म्हणून सरपंचाने ग्रामसभा कशी चालवली यावर लिहा, सरपंचाच्या घरच्या भानगडींवर नको. आणि 'तलाठी लाचखोर आहे' हे मत नव्हे, वस्तुस्थितीचा दावा आहे. तो सिद्ध करायची तयारी लागते. लाच मागितली असेल तर ग्रुपवर लिहिण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४वर कळवा. आधी बोभाटा केला तर सापळाच लागत नाही.

जात-धर्मावर घसरणाऱ्या वाक्यांना मात्र कुठलाही अपवाद वाचवत नाही. तेढ पसरवण्याबद्दल न्याय संहितेचं कलम १९६ आहे, ॲट्रॉसिटी कायदा आहे, आणि ती वाक्यं तुमच्या मुद्द्याच्या कामाचीही नसतात. दुसऱ्या सदस्याने असं काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये गोंदियाच्या प्रकरणात, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसल्याशिवाय ॲडमिनवर जबाबदारी येत नाही असं म्हटलं. तरी त्याने मजकूर काढावा हे बरं.

सरकारी नोकरीत असाल तर गणित वेगळं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात, आणि जुलै २०२५मध्ये समाजमाध्यमांबद्दल वेगळा शासन निर्णयही निघालाय. शेजारी म्हणून पाण्याच्या वेळेवर लिहिणं आणि कर्मचारी म्हणून शासनाच्या धोरणावर टीका करणं यातली रेघ ओलांडण्याआधी तो निर्णय वाचा.

पुढे ढकलण्याआधी

आपला अनुभव लिहिताना माणूस त्यातल्या त्यात जपून असतो. दुसऱ्याचा पुढे ढकलताना जपणं सुटतं. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. मारले गेलेले भिक्षुकी करणाऱ्या भटक्या समाजातले होते, मंगळवेढ्याकडून आलेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

मजकुरावर दुहेरी बाण दिसला, तर तो किमान पाच हात फिरून आलाय असं समजा. त्यातला 'मी' म्हणजे पाठवणारा नव्हे. ज्याने पाठवला त्याला खासगीत विचारा, "हे तू पाहिलंस?" दहातल्या नऊ वेळा उत्तर येईल, "नाही रे, आलं म्हणून टाकलं." फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका, आधी कुठे छापून आला असेल तर बरेचदा सापडतो. व्हिडिओ असेल तर थांबवून दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरांची अक्षरं वाचा. महाराष्ट्रातला म्हणून आलेल्या व्हिडिओत सगळ्या गाड्या दुसऱ्या राज्याच्या असतात, आणि हे कुणी बघत नाही.

निवडणुकीच्या दिवशी एवढंच: मतदान केंद्राच्या आत फोन काढू नका, यंत्राचा किंवा आपल्या मताचा फोटो नको. शाईचं बोट बाहेर येऊन दाखवा.

उत्तरं येऊ लागल्यावर

पहिला तास लगेच काही उत्तर देऊ नका. तीन-चार प्रतिक्रिया जमू द्या आणि एकदाच लिहा. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसलात की ग्रुपला भांडण दिसतं, मुद्दा दिसत नाही.

मराठीत भांडण नेमकं कुठे पेटतं ते दाखवता येतं: 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरलं तिथे. "तुम्ही कुठे राहता?" ही विचारणा आहे, "तू कुठे राहतोस रे?" हे आव्हान. समोरचा घसरला तरी आपण 'तुम्ही'च ठेवायचं. आणि 'साहेब', 'महाशय', 'विद्वान' हे मानाचे शब्द टोमण्यात वापरले तर ते शिवीपेक्षा जास्त झोंबतात. उपरोध वाचायला गोड असतो, पण "वा, काय सुंदर रस्ता केलाय!" या वाक्याचा स्क्रीनशॉट उद्या ठेकेदाराच्या जाहिरातीत लागू शकतो.

कुणी दुरुस्ती सुचवली आणि ती बरोबर असेल, तर मूळ मजकूर गुपचूप बदलू नका. व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांत बदलता येतो, पण तोवर लोकांनी त्यावर उत्तरं दिलेली असतात. त्यालाच उत्तर देऊन नवी ओळ टाका: "दुरुस्ती: वर ११ वाजता लिहिलंय, पावतीवर १०:४० आहे. बाकी तसंच." चूक मान्य केली की माणूस हलका पडतो अशी भीती असते. उलट होतं. पुढच्या वेळी त्याच्या आकड्यावर कुणी बोट ठेवत नाही.

तक्रार आधी, मजकूर नंतर

रेशनसाठी हेल्पलाइन १९६७ आहे, महावितरणच्या विजेसाठी १९१२. आधी तक्रार करा, क्रमांक घ्या, मग ग्रुपवर लिहा आणि शेवटी तो क्रमांक द्या. 'तक्रार केली आहे' आणि 'तक्रार क्रमांक असा असा, तारीख ६' यातला फरक कार्यालयातल्या माणसाला लगेच कळतो. दाखला किंवा नोंद वेळेत मिळत नसेल तर लोकसेवा हक्क कायदा, २०१५ आहे: अर्जाची पोच घ्या, त्या सेवेची मुदत किती ते कार्यालयातल्या फलकावर बघा, ती उलटली की अपील करा. मुद्दाम उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

वाद कागदाशिवाय सुटत नसेल तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, आणि लोक इथेच अडखळतात. सगळ्या गावाची गाऱ्हाणी एका अर्जात कोंबतात. दुसरी चूक, 'धान्य कमी का दिलं?' असं विचारणं. या कायद्यात कार्यालयाकडे असलेले कागद मिळतात, कारणमीमांसा नाही. मागा ते असं: "अमुक क्रमांकाच्या रास्त भाव दुकानाला मे महिन्यात गोदामातून दिलेल्या धान्याच्या नोंदीची आणि दुकानाच्या साठा नोंदवहीच्या त्या महिन्याच्या पानांची प्रत." पोती खरंच कमी येतात का, हे त्या दोन कागदांच्या फरकात दिसायला हवं. दुकानदार खरं बोलत असेल तर तेही तिथेच दिसेल.

कागद मिळाला की त्याचा अर्थ एका ओळीत लिहा आणि खाली फोटो द्या. नुसती बारा पानं टाकलीत तर कुणी वाचत नाही. आणि जे झालं ते त्याच जुन्या मजकुराला उत्तर म्हणून टाका, म्हणजे वाचणाऱ्याला पहिल्यापासूनचं सगळं सापडतं. काहीच झालं नसेल तर तेही टाका. रेशनच्या नमुन्याचा पुढचा मजकूर साधारण असा होईल:

"मागच्या महिन्याच्या १७ किलो २०० ग्रॅमबद्दल. ६ तारखेच्या तक्रारीनंतर पुरवठा निरीक्षक १९ला दुकानात येऊन गेले, तीन कार्डधारकांचे जबाब घेतले. या महिन्यात त्याच किराणा दुकानात वजन केलं, पिशव्यांसकट २० किलो १०० ग्रॅम भरलं. साठा नोंदवहीची प्रत अजून आलेली नाही, मुदत ११ तारखेपर्यंत आहे. मागच्या २ किलो ८०० ग्रॅमचं काय, ते निरीक्षकांना विचारलं. बघतो म्हणाले."